जुन्या गाडीचं स्टेअरिंग दर पावसाळ्यानंतर जड होतं, मधेच अडकतं: नेमकं कुठं अडकतंय ते कसं शोधायचं

तीन वर्षं एकच दुखणं. दिवाळी उरकली की स्टेअरिंग जड व्हायला लागायचं आणि संक्रांतीपर्यंत अशी गत व्हायची की वळण संपलं तरी ते आपणहून सरळ येईना, हातानं ओढून आणावं लागे. तीन वर्षांत तीन ठिकाणी गाडी दाखवली. तिन्ही वेळा काहीतरी केलं गेलं, तिन्ही वेळा थोडे दिवस बरं वाटलं, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गाडी २००६ सालची, छोटी, पेट्रोलवरची, पॉवर स्टेअरिंग नसलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शेवटी जे निघालं त्यात दोष वयाचा आणि माझा होता. राहतो अंबाजोगाईत. शेत चार-पाच किलोमीटरवर, त्यातला शेवटचा तुकडा पाणंद. पावसात ती पाणंद काय रूप घेते हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. काळी माती टायरला धरते, मडगार्डच्या आत थापली जाते आणि चार दिवस ऊन पडलं की तिचा दगड होतो. मग रविवारी वॉशिंग सेंटरवर न्यायची, वर उचलायची आणि खालून प्रेशरनं धुवून घ्यायची. मला वाटायचं, मी गाडीची काळजी घेतोय.

यंदा जानेवारीत लातूरहून परत येताना रेणापूर फाटा ओलांडला आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला. दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. उजवीकडून काढली, पुढं गेलो, डावीकडं घेतली, आणि स्टेअरिंग डावीकडंच राहिलं. साइडपट्टीवरचा मुरूम चाकाखाली वाजायला लागला तेव्हा दोन्ही हातांनी ओढून सरळ केलं. बायको शेजारी होती. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर बोलली.

तुमच्या गाडीचं इथपर्यंत आलं असेल, म्हणजे नुसतं जड नाही तर मधेच अडकतंय, तर ती आधी उभी करा. जड स्टेअरिंगनं हात दुखतात. अडकणारं स्टेअरिंग कुठं दगा देईल सांगता येत नाही.

आधी तीन वर्षं काय काय झालं ते सांगतो, कारण बहुतेकांचं असंच होतं.

पहिल्या वर्षी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन मशिनवर नीट लावून घेणं. मशिनवर गाडी चढवण्याआधी त्यांनी चारही टायरमध्ये हवा भरली. पुढच्या दोन्ही टायरमध्ये हवा चांगलीच कमी होती. गाडी हलकी झाली. म्हणजे फरक पडला तो हवेनं, पैसे गेले अलाइनमेंटचे.

दुसऱ्या वर्षी दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्यांची बाहेरची टोकं) बदलले. बदलताना त्या पोरानं खालून-वरून, जिथं नळी पोचेल तिथं गंज सोडवायचा स्प्रे मारला. गाडी दोन महिने मस्त चालली. मी चार जणांना सांगितलं, टाय रॉड एंडच होते म्हणून. नव्हते. फरक पडला होता तो स्प्रेनं, पण हे कळायला पुढचं वर्ष जावं लागलं.

तिसऱ्या वर्षी मी तक्रार केली की जड आहे, शिवाय खड्ड्यात खडखड वाजतंय. मेस्त्रीनं रॅक (स्टेअरिंग फिरलं की आडवी सरकणारी दात्यांची पट्टी) टाइट करून दिला. खडखड गेली. गाडी मात्र आधीपेक्षा वाईट झाली, आणि ट्रॅक्टरचा प्रसंग त्यानंतरचा.

आमच्या गल्लीत एक काका आहेत. एसटीच्या डेपोत फिटर म्हणून उभी हयात गेली, आता निवृत्त. दुसऱ्या दिवशी मी गाडीखाली वाकून बघत होतो तेव्हा ते येऊन उभे राहिले.

"काय करलालास रे?"

सगळा इतिहास सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि एवढंच विचारलं, "एवढं सगळं बदललास, पण अडकतंय कुठं ते बघितलास का?"

नव्हतं बघितलं. कुणीच नव्हतं बघितलं.

काकांची रीत साधी होती. स्टेअरिंगपासून चाकापर्यंत एक साखळी असते: स्टेअरिंग, त्याचा शाफ्ट, शाफ्टला खालच्या बाजूला क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा), मग रॅक, रॅकच्या दोन टोकांना टाय रॉड, टाय रॉड जातो नकलला (चाक ज्यावर बसतं तो वळणारा भाग), आणि नकल फिरतो खाली बॉल जॉइंटवर (गोळ्याचा सांधा), वर शॉकअपच्या माउंटिंगमधल्या बेअरिंगवर. साखळी एकेका ठिकाणी सोडवायची आणि प्रत्येक वेळी हातानं फिरवून बघायचं. जड कुठल्या तुकड्यात राहिलं ते हातालाच कळतं. एकही सुटा भाग विकत आणायच्या आधी हे होतं, आणि त्याला एक दुपार लागते.

हवा आणि टायर

इथं दोन मिनिटांत निकाल लागतो. दरवाज्याच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये हवेचा आकडा दिलेला असतो, तेवढी थंड टायरमध्ये भरा. पंपावरचा पोरगा "पस्तीस करू का?" विचारतो तेव्हा हो म्हणू नका. दुसरं, आधीच्या मालकानं हौसेनं रुंद टायर टाकलेत का बघा. मारुती ८०० ला कंपनीकडून १४५/७० आर १२ मापाचे टायर यायचे. पॉवर नसलेल्या अशा गाडीला रुंद टायर घातले की जागेवर वळवताना घाम फुटणारच. त्यात बिघाड काही नाही.

दोन्ही चाकं हवेत

सपाट, टणक जागेवर गाडी उभी करा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढून उचला आणि खाली घोड्या लावा. घोडी म्हणजे जॅक स्टँड. विटा लावू नका, वीट न सांगता फुटते. नुसत्या जॅकवर तर अजिबात हात घालू नका. काकांनी ह्या बाबतीत मला दोनदा झापलं.

आता किल्ली फिरवून स्टेअरिंगचं लॉक सोडवा, इंजिन बंदच ठेवा, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. हलकं फिरलं तर दोष टायर, हवा किंवा अलाइनमेंटकडं जातो, क्वचित बॉल जॉइंटकडं, कारण वजन आल्यावरच तो धरतो. हवेतही जड राहिलं तर टायरवरचा संशय गेला.

माझं हवेतही जड होतं. काकांनी स्टेअरिंगच्या वरच्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि म्हणाले, आता कुठं कुठं अडकतंय ते घड्याळासारखं सांग. पट्टी दहावर आली की अडकायचं, मग सुटायचं, चारवर आली की पुन्हा अडकायचं. पुढच्या फेऱ्यातही तसंच. दहा आणि चार, म्हणजे बरोबर अर्ध्या फेऱ्याचं अंतर.

ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. क्रॉसला दोन आस असतात आणि शाफ्ट कोनात फिरतो, त्यामुळं एक आस जाम असेल तर एका पूर्ण फेऱ्यात ती दोनदा धरते. रॅक किंवा बॉल जॉइंट असं फेऱ्याच्या हिशेबानं अडकत नाही. बॉल जॉइंट सगळीकडं सारखाच जड लागतो. रॅक बहुतेक वेळा मधोमध किंवा टोकांना जड लागतो.

मी म्हटलं, मग सापडलं की. काका म्हणाले, "सापडलं म्हणू नको. एक सापडलं म्हण."

टाय रॉड सोडवणे

टाय रॉड एंडची पिन काढायची, नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन आट्यांवर ठेवायचा. मग नकलच्या ज्या कानात तो बसलेला असतो त्या कानावर बाजूनं हातोडी मारायची, समोरून दुसरी जड हातोडी टेकवून. दोन-चार सणसणीत फटक्यांत तो आपोआप सुटतो. आट्यांवर वरून मारणाऱ्यांना पुढं नट बसत नाही, मग एंड नवा आणावा लागतो. आणि टाय रॉड एंड रॉडवरून फिरवून काढायचा नाही. काढावाच लागला तर फेरे मोजून ठेवा.

आता दोन गोष्टी वेगवेगळ्या झाल्या. एक, चाक हातानं डावीउजवीकडं वळवून बघा. चांगला बॉल जॉइंट सायीच्या दह्यात चमचा फिरवल्यासारखा फिरतो: थोडा विरोध, पण सगळीकडं सारखा. करकरला, दाणेदार लागला, ज्या जागी सोडला तिथंच घट्ट बसून राहिला, तर तो कोरडा पडला आहे. त्याचा रबरी बूट, म्हणजे वरचं आवरण, बघा, फाटलेला सापडेल. आपल्याकडं बूट फाटायला काळी माती हेही कारण असू शकतं. पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते, आणि जुना, कडक झालेला बूट तिच्याबरोबर ओढला जातो. बूट फाटल्यावर ग्रीस बाहेर, माती आत. नुसता नवा बूट चढवून उपयोग नाही. आत माती गेलेला जॉइंट बदलायचाच.

दुसरं, वरचं बेअरिंग. हे माझ्या गाडीत ठीक होतं, पण परळीच्या मामेभावाच्या गाडीत हेच निघालं, म्हणून सांगतो. त्याची तक्रार अशी की डावीकडं वळून आलो की गाडी डावीकडंच ओढते, उजवीकडं वळून आलो की उजवीकडं. अलाइनमेंट तीनदा झालेलं. तपासायची रीत: टाय रॉड जोडलेले असताना गाडी जमिनीवर उभी ठेवून एकानं स्टेअरिंग सावकाश वळवायचं, दुसऱ्यानं पुढच्या शॉकअपच्या स्प्रिंगवर हलकेच हात ठेवायचा. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग चाकाबरोबर गुपचूप फिरते. जाम असेल तर ती पिळली जाते आणि मग एकदम उडी मारून सुटते, सोबत "टंग" असा आवाज. बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये घालू नका, बाहेरून तळहात टेकवा.

माझ्या गाडीचे दोन्ही नकल मोकळे होते. म्हणजे दुसऱ्या वर्षी बदललेल्या टाय रॉड एंडांचा ह्या दुखण्याशी काही संबंध नव्हता. टाय रॉड सुटलेले असतानाही स्टेअरिंग तेवढंच जड होतं.

क्रॉस आणि रॅक वेगळे करणे

पेडलांच्या पुढं शाफ्ट पत्र्यातून पलीकडं जातो, त्याच्या आसपास क्रॉस असतो. नेमकी जागा गाडीगणिक थोडी बदलते. क्रॉसचा बोल्ट काढण्याआधी शाफ्टवर आणि क्रॉसवर रंगाची एक सरळ रेघ मारा. ह्या रेघेचं महत्त्व शेवटी कळेल.

एअरबॅग असलेल्या गाडीत हे घरी करू नका. शाफ्ट सुटल्यावर स्टेअरिंग मोकळं गरगर फिरलं की त्याच्या आतली गुंडाळलेली वायर तुटते आणि एअरबॅगचा दिवा लागतो. तिथं जाणकार मेस्त्रीच हवा.

क्रॉस हातात आला. एका आसेवर तो नुसता लोंबकळत होता, बोटानं ढकलला तरी हलत होता. दुसऱ्या आसेवर दोन्ही हातांनी जोर लावल्यावर करकरत जरासा वाकला आणि तिथंच थांबला. टोपीच्या कडेनं लालसर भुकटी गळून माझ्या पँटवर पडली. ग्रीस म्हणून जे काही शिल्लक होतं ते चहाच्या चोथ्यासारखं.

आता दर वर्षीचा फेरा उलगडला. क्रॉसच्या टोप्यांमध्ये बारीक सुया असतात, त्यात कारखान्यातच ग्रीस भरलेलं असतं आणि वरून भरायला बहुतेक गाड्यांत निप्पल नसतं. बारीक रबरी सील जुनी झालेली. पावसाळाभर चिखल, आणि दर रविवारी मी स्वतः पैसे देऊन खालून प्रेशरचं पाणी मारून घेत होतो. पाणी आत, ग्रीस बाहेर. पावसाळा संपेपर्यंत ओल असायची म्हणून फारसं जाणवायचं नाही. दिवाळीनंतर कोरडं पडलं की गंज धरायचा. स्प्रे मारला की गंज सुटून दोन महिने बरं, पण तो स्प्रे पातळ, उरलंसुरलं ग्रीसही धुवून नेणारा. म्हणजे ज्या उपायानं मला बरं वाटत होतं तोच पुढच्या वर्षीच्या दुखण्याची सोय करत होता. क्रॉस नेमका धरण्यासाठी म्हणून, शोधताना एकदा स्प्रे मारून फरक पडतो का बघायला हरकत नाही. पडला तर जागा कळली. पण त्यावर गाडी चालवत राहू नका.

राहिला रॅक. क्रॉस सुटल्यावर रॅकचा पिनियन (रॅकच्या दातांना लागणारं छोटं दातेरी चाक) हातानं फिरवून बघितला. मधे ठीक, पण दोन्ही टोकांकडं जाताना घट्ट होत जाई. हे तिसऱ्या वर्षीच्या "टाइट"चं फळ.

रॅकच्या पोटाशी एक गुटका असतो, त्यामागं स्प्रिंग आणि त्यावर आट्यांची टोपी. टोपी आवळली की गुटका रॅकला पिनियनवर दाबतो आणि दातांमधली ढील जाते. पण गाडी आयुष्यभर बहुतेक सरळच चालते, त्यामुळं रॅकचे दात झिजतात ते मधले. टोकाकडचे दात जवळपास नवेच राहतात. मधली ढील घालवायला टोपी आवळली की टोकाकडं, जिथं झीज नाही, तिथं रॅक चिरडल्यासारखा होतो. मग वळण घेतल्यावर स्टेअरिंग परत येत नाही. खडखड थांबवायला कुणी रॅक टाइट करू म्हणालं की आधी विचारा, आवाज दातांतूनच येतोय का? पुष्कळदा तो रॅकच्या दुसऱ्या टोकाच्या बुशातून, रॅक बांधलेल्या रबरातून किंवा टाय रॉडच्या आतल्या गोळ्यातून येतो, आणि टोपी आवळून तो नुसता दबतो.

टोपी किती आवळून किती अंश मागं फिरवायची हे प्रत्येक गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मेस्त्रीला त्यानुसारच करायला सांगा, अंदाजानं नको. आमची त्याप्रमाणं सैल करून घेतली. स्पीडब्रेकरवर थोडी खडखड परत आली आहे. रॅकच झिजलाय, कधीतरी बदलावा लागेल. तोवर मला आवाज चालतो, अडकणं चालत नाही.

पॉवर स्टेअरिंग असेल तर

वरची सगळी तपासणी तुम्हालाही लागू आहे, पण त्याआधी थोडं वेगळं बघा. तेलाचं असेल तर टाकीतली पातळी, तेलाचा रंग आणि फेस. काळं, जळका वास येणारं तेल बदलायचं. फेस म्हणजे आत हवा. पूर्ण वळवताना चिर्र आवाज येतो का? मग पट्टा सैल किंवा गुळगुळीत झालाय. घों-घों वाढत असेल तर पंपाला तेल कमी पडतंय, आधी गळती शोधा. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाला, टपरीवर मिळेल ते नको. आणि स्टेअरिंग शेवटच्या टोकाला दाबून धरायची सवय असेल तर सोडा, पंप तिथं सगळ्यात जास्त दाबात आणि गरम असतो.

इलेक्ट्रिक असेल आणि डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागत असेल तर सुरुवात बॅटरीपासून. टर्मिनलवरची पांढरी बुरशी, सैल अर्थिंग, फ्यूज. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. जुन्या गाडीत मोटर गेली म्हणून मोठा खर्च सांगितला जातो आणि निघतं ते अर्थिंगच्या वायरीचं सुटलेलं टोक, असंही होतं. दिवा न लागता जड झालं असेल तर मोटरच्या मागं लागू नका, वरची रीत वापरा.

जोडताना

नवा क्रॉस शाफ्टसकट आणला, नुसता क्रॉस आमच्या गाडीला सुटा मिळाला नाही. काकांनी बसवण्याआधी सीलच्या बाहेरून जाड ग्रीसचा लेप दिला. टाय रॉडच्या पिना नव्या घातल्या. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरायची नाही, ती तुटते. सगळं झाल्यावर अलाइनमेंट. ह्या खेपेला हवा घरून भरून गेलो.

धुणं बंद केलेलं नाही, रीत बदलली. चिखल ओला असतानाच साध्या पाइपनं, कमी दाबानं काढतो. वाळून दगड झाल्यावरच प्रेशर लागतं, तेवढी वेळ येऊ द्यायची नाही. वॉशिंगला गेलोच तर पत्र्यातून शाफ्ट निघतो तिथं आणि रबरी बुटांवर गन मारू देत नाही. तिथला पोरगा मला जरा येडाच समजतो.

आणि ती रंगाची रेघ. मी मारली होती, पण जुन्या क्रॉसवर. नवा आणला तेव्हा त्यावर रेघ कुठली? रॅक मधोमध आणि स्टेअरिंग सरळ ठेवून बसवायला हवा होता, मी घाईत बसवला आणि एक दात चुकला. गाडी लोण्यासारखी वळायला लागली, पण सरळ रस्त्यावर स्टेअरिंगचा दांडा तिरका. अलाइनमेंटवाल्यानं तो टाय रॉडवरून सरळ करून द्यायची तयारी दाखवली. काका म्हणाले, तसं करू नको. मग रॅक मधोमध राहत नाही आणि एका बाजूला गाडी कमी वळते. बोल्ट पुन्हा काढला, क्रॉस एक दात मागं सरकवला आणि घट्ट केला. पुन्हा अलाइनमेंट, पुन्हा पैसे.